बोर्डाचा कस दुपारी लागतो

ताज्या, कोरड्या बर्फावर कुठलाही स्नोबोर्ड चांगलाच वाटतो. रात्रभर बर्फ पडलेला असतो, सकाळी आकाश स्वच्छ होतं, गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा सुरू होतो आणि आफरवट शिखराच्या उतारावरची पहिली चार वळणं घेतली की पायाखाली काही बांधलंय हेच विसरायला होतं. अशा वेळी बोर्डाबद्दल मत बनवू नये. पडलं तरी लागत नाही, वळण चुकलं तरी सावरता येतं, आणि हे सगळं बर्फाचं देणं असताना श्रेय बोर्डाच्या पदरात पडतं. जाहिरातींमध्ये नेमका हाच बर्फ दाखवतात. मला माझ्या बोर्डाबद्दल जे कळलं ते बहुतेक दुपारी दोननंतर कळलं, जेव्हा उतार शेकडो लोकांनी उकरून ठेवलेला असतो, मांड्या भरून आलेल्या असतात आणि खाली तर उतरायचंच असतं.

हे सविस्तर लिहायचं कारण असं की ठाण्यात हा प्रश्न आता खरोखर विचारला जातो. काश्मीरमधल्या गुलमर्गला किंवा उत्तराखंडातल्या औलीला जाऊन पहिला कोर्स करून आलेली मुलं भेटतात. कोलशेतचा एक मुलगा परवा म्हणाला, "ताई, एकच बोर्ड घ्यायचा असेल तर कुठला घेऊ? सगळीकडे चालेल असा." बर्फाच्या गावात राहणारा माणूस असा प्रश्न विचारत नाही. त्याच्या घरात मऊ बर्फाचा एक, कडक बर्फाचा एक, उड्यांचा एक असे तीन-चार बोर्ड असतात आणि खिडकीतून बाहेर बघून तो त्यातला एक उचलतो. आपण घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहतो. दीड मीटर लांबीची एक बॅग पलंगाखाली कशीबशी मावते. विमानात सामानाच्या वजनाची मर्यादा, ऑफिसात रजेची. तिकिटं दोन महिने आधी काढायची आणि त्या आठवड्यात जो बर्फ मिळेल तो आपला.

आणि काय मिळेल याचा भरवसा नसतो. काश्मीरचा हिवाळी बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने सरकत येणाऱ्या वादळी पट्ट्यांमुळे. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, ज्यांना तिकडे चिल्लई कलान म्हणतात, ते सर्वांत कडक थंडीचे. पण थंडी म्हणजे बर्फ नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये हे पट्टे फिरकलेच नाहीत, महिनाभर गुलमर्गच्या कुरणावर पिवळं गवत दिसत होतं, आणि बर्फ आला तो महिना संपता संपता. त्यामुळे आपल्यासारख्यांसाठी ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणारा, बोर्ड ही चैन नाही, गरज आहे. प्रश्न एवढाच की 'सगळीकडे चालतो' हे तपासायचं कसं.

सगळीकडे सारखाच चांगला चालेल असा बोर्ड नसतो, आणि त्याला कारण आहे. १९६५ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या मस्किगन गावी शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून फळी केली तेव्हा ती एकच फळी सगळ्याला पुरत होती, कारण 'सगळं' म्हणजे घरामागची टेकडी होती. १९९८ मध्ये नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड पहिल्यांदा आला तेव्हा स्पर्धा होत्या जायंट स्लॅलम (खांबांमधून वळणं घेत वेगाने उतरणं) आणि हाफपाइप (बर्फाच्या अर्धगोल नळीत उड्या). पहिलीला लागतो लांब, अरुंद, ताठ बोर्ड. दुसरीला छोटा आणि दोन्ही टोकांना सारखा. कडक बर्फात कड रुतवायची तर ताठपणा हवा, आणि मऊ बर्फावर तरंगायचं तर नाक, म्हणजे बोर्डाचं पुढचं टोक, उचललेलं आणि पसरट हवं. एकाला दिलं की दुसऱ्याचं जातं. ऑल-माउंटन बोर्ड म्हणजे यातली एक तडजोड. ती कुठे केली आहे आणि ती आपल्याला परवडते का, एवढंच पाहायचं.

माझ्या बोर्डाचं नाव देत नाही, कारण ग्राफिक दर वर्षी बदलतं आणि वाचणारा चित्रावर जातो. आकडे देते. लांबी १४९ सेंटिमीटर, कमरेशी, म्हणजे मधल्या अरुंद भागात, रुंदी २४.२ सेंटिमीटर, बाजूच्या कमानीची त्रिज्या सात मीटरच्या आसपास, फ्लेक्स, म्हणजे ताठपणा, दहापैकी सहा. पायांच्या मधोमध कॅम्बर, म्हणजे रिकामा बोर्ड जमिनीवर ठेवला तर मधला भाग किंचित उचललेला राहतो. नाकाकडे रॉकर, म्हणजे तिथून पुढचा भाग लवकर वर वळलेला. बाइंडिंगची, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची, जागा मध्यापासून थोडी मागे. यातला फ्लेक्सचा आकडा सर्वांत कमी कामाचा आहे. प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी, त्यामुळे एकीचा सहा दुसरीचा चार असू शकतो. लांबी निवडताना स्वतःचं वजन बघावं, उंची नव्हे, कारण बोर्ड वाकतो तो वजनाने. कमरेची रुंदी बुटाच्या मापाशी जुळली पाहिजे. पाय मोठा आणि बोर्ड अरुंद असला तर खोल वळणात बुटाचं टोक बर्फात घासतं आणि कड सुटते.

तपासणीत मी एक नियम कसोशीने पाळला: बूट तेच, बाइंडिंग तीच, तिचे कोन तेच (पुढचा पंधरा अंश, मागचा उणे सहा), आणि सुरुवातीला कडा ताज्या घासलेल्या. भाड्याच्या बोर्डाला लोक नावं ठेवतात तेव्हा बहुधा दोष बोथट कडेचा किंवा सैल बुटाचा असतो. आणखी एक गोष्ट ठाणेकरांनी मनावर घ्यावी. आपण समुद्रसपाटीचे लोक. गोंडोलाचा पहिला टप्पा गुलमर्गहून, म्हणजे सुमारे २६५० मीटरवरून, कोंगडोरीला सोडतो. दुसरा आफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३९५० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत वळण अर्धवट सुटतं ते दम संपल्यामुळे. त्या दिवसांतलं मत वहीत लिहूच नये.

सुरुवात सकाळच्या ग्रूम केलेल्या उतारावर केली. कोंगडोरीच्या खाली रात्री यंत्र फिरवलेलं असतं आणि बर्फावर बारीक समांतर रेघा असतात. इथे बोर्डाची कड किती धरते ते कळतं, आणि ते पायांपेक्षा डोळ्यांनी नीट कळतं. वळण संपवून थांबायचं आणि मागे वळून स्वतःच्या खुणेकडे बघायचं. कड धरून ठेवली असेल तर पेन्सिलीने ओढल्यासारखी एकच बारीक रेघ दिसते, आणि यंत्राच्या रेघा तिच्या दोन्ही बाजूंना शाबूत असतात. बोर्ड घसरला असेल तर हातभर रुंद पुसट पट्टा दिसतो. माझ्या खुणेत गंमत अशी होती की वळणाचा मधला आणि शेवटचा भाग बारीक रेघेचा होता, पण सुरुवातीला, जिथे टाचेची कड सोडून बोटांची कड पकडायची, तिथे वितभर पट्टा होता. तो रॉकरचा भाग. नाक वर उचललेलं असल्यामुळे ते वळणात उशिरा उतरतं. पूर्ण कॅम्बरच्या बोर्डावर ही जागा स्वच्छ येते. माझ्या बोर्डाने जे सोडून दिलंय त्याची पहिली सही मला तिथे दिसली. दुसरी सही वेग वाढवल्यावर मिळाली: एका मर्यादेपुढे नाक हलकेच थरथरतं. घाबरण्यासारखं नाही, पण पायाला जाणवतं.

मग गुळगुळीत, घासून चकाकणारे पट्टे. गर्दीच्या उतारावर वरचा भुसभुशीत थर दिवसभर खरवडला जातो आणि खाली घट्ट, निळसर बर्फ उघडा पडतो. इथे माझा बोर्ड जेमतेम पास होतो. पायांखालचा कॅम्बर धरून ठेवतो, पण त्यावर नेमकं उभं राहिलं तरच. जरा मागे रेललं की टेल, म्हणजे मागचं टोक, सटकते. अशा बर्फासाठी काही बोर्डांची कड सरळ न ठेवता नागमोडी ठेवतात, म्हणजे ती अनेक ठिकाणी टोचते. कडक बर्फावर नेहमी जाणाऱ्याने अशा कडेचा जरूर विचार करावा. मी केला नाही, कारण मऊ बर्फात ती किंचित ओढून धरते असं मला भाड्याच्या बोर्डावर वाटलं होतं.

पावडरबद्दल, म्हणजे त्या ताज्या कोरड्या बर्फाबद्दल, सुरुवातीला बोलले, तरी तिथेही एक गोष्ट तपासता येते: मागच्या पायाची मांडी. ताज्या कोरड्या बर्फाचं वजन एका घनमीटरला पन्नास ते शंभर किलो, म्हणजे पाण्याच्या दहाव्या हिश्शाइतकं किंवा त्याहूनही कमी. त्यावर तरंगायला नाक वर राहावं लागतं. बोर्डाचा आकार ते काम करत नसेल तर आपण मागच्या पायावर भार देऊन करतो, आणि तासाभरात मांडी पेटते. माझा बोर्ड गुडघाभर बर्फात स्वतःहून नाक वर ठेवतो. मांडीभर बर्फात मात्र १४९ सेंटिमीटर कमी पडतात. उतार थोडा सपाट झाला की वेग मरतो, आणि तिथे थांबलं तर निघायला अर्धा तास. खोल बर्फात बसकण मारून बाइंडिंग सोडवणं किती दमवतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. दुसऱ्या टप्प्यावर कधी जायचं हे बोर्ड ठरवत नाही, हेही इथेच सांगते. हिमस्खलनाचा धोका असेल तर टप्पा बंद असतो. उघडा असला तरी आखलेल्या पट्ट्याबाहेर पाऊल टाकायचं ते बीकन (बर्फाखाली गाडल्या गेलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र), फावडं आणि शोधकाठी घेऊन, ते वापरता येत असेल तर, आणि स्थानिक गाइडबरोबर. आमचा गाइड एका स्वच्छ, झगझगीत सकाळी म्हणाला, "आज नहीं, मॅडम. रात को हवा चली है." वारा बर्फाच्या कण्या मोडतो, त्यांचा चुरा एका बाजूला नेऊन दाबून बसवतो, आणि खालच्या सैल थरावर एक घट्ट लादी तयार होते. वरून ती देखणी दिसते. आम्ही गेलो नाही.

आता दुपार. पहिल्या टप्प्याच्या खालचा एकच उतार मी सकाळी, दुपारी आणि गोंडोला बंद व्हायच्या आधी असा तिन्ही वेळा उतरले, आणि बोर्ड नीट समजला तो त्यात. दुपारपर्यंत लोकांनी बर्फ ढकलून ढकलून ढीग केलेले असतात. ढिगाची उन्हाकडची बाजू मऊ आणि ओली, सावलीकडची गोठलेली, दोन ढिगांच्या मधे घासलेला कडक तळ. एका वळणात तीन प्रकारचे बर्फ पायाखालून जातात, तेही सेकंदभरात. इथे ताठ बोर्ड ढिगावर आदळतो आणि आपल्याला फेकतो. फार मऊ बोर्ड ढिगाच्या आकाराप्रमाणे वाकतो, कड कुठे आहे तेच कळत नाही, आणि पुढच्या कडक पट्ट्यावर आपण आडवे. चांगला ऑल-माउंटन बोर्ड या दोन्हींच्या मधला असतो, आणि तो मधला बिंदू कुठल्याही कागदावर लिहिलेला नसतो. तो गुडघ्यात कळतो.

माझ्या बोर्डाचं इथे मला मनापासून कौतुक वाटलं. सकाळी ज्या रॉकरने वळणाची सुरुवात पुसट केली होती, तोच रॉकर दुपारी नाक ढिगाच्या वर चढवत होता. नाक घुसत नव्हतं, अडकत नव्हतं. ढीग संपून कडक तळ लागला की पायांखालचा कॅम्बर लगेच धरायचा. मी फक्त गुडघे मोकळे ठेवत होते आणि नजर दोन ढीग पुढे. कड अडकून तोंडावर आपटण्याची भीती, जी दमलेल्या माणसाला सर्वांत जास्त असते, ती जवळपास गेली. हलका असल्याने नाक डावीउजवीकडे मारलं जात होतं, हे खरं. जड आणि लांब बोर्ड हे धक्के गिळतो. पण जड बोर्ड दमलेल्या पायांना वळवावाही लागतो. माझी तडजोड हलक्या बोर्डाच्या बाजूला आहे, कारण सुट्टीच्या आठवड्यातले निम्म्याहून अधिक तास असल्याच बर्फावर जातात. पावडरचा तास मिळाला तर मिळाला. दुपार रोज असते.

यातलं थोडं श्रेय येऊरला द्यायला हवं. पावसाळ्यानंतर मी शनिवारी-रविवारी येऊरचा चढ चढते, पण खरा व्यायाम उतरताना होतो. स्नोबोर्डवर मांडीचा स्नायू ताणला जात असताना भार धरतो, आणि डोंगर उतरताना तो नेमका तेच करतो. चढून रिक्षाने खाली येणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पाय तयार नसतील तर दुपारच्या तपासणीला अर्थ उरत नाही. बोर्डाची परीक्षा घ्यायला निघायचं आणि निकाल स्वतःच्या मांड्यांचा लागायचा.

सपाट वाटेबद्दल दोनच वाक्यं. गुलमर्ग हे पठारावरचं कुरण असल्यामुळे उतार संपल्यावर सपाट भाग येतो, स्कीवाले काठ्या मारत पुढे जातात आणि आपण एक पाय सोडवून ढकलत राहतो. तिथे बोर्डाचा आकार काही करत नाही, तळाला लावलेलं वॅक्स, म्हणजे मेण, करतं.

मार्चमधला बर्फ वेगळाच. दिवसा वितळून रात्री गोठलेला, सकाळी काँक्रीटसारखा टणक, अकराच्या सुमारास वरचा इंचभर थर साबुदाण्याएवढ्या दाण्यांचा होतो आणि तो तासाभराचा वेळ फार सुखाचा असतो. मग सगळं जड होतं. खाली बाबा रेशी गावाच्या बाजूला, देवदारांच्या रानात, ते आणखी लवकर होतं. ओला बर्फ तळाला चिकटतो, बोर्ड एकदम ब्रेक लागल्यासारखा थबकतो आणि वरचं शरीर पुढे जातं. इथे मऊ, उबदार तापमानाचं वॅक्स लागतं, आणि तळावर बारीक रेघांची खोदाई असली तर पाण्याचा थर तुटायला मदत होते. पूर्वी अशा दिवसांसाठी फ्लोरिनयुक्त वॅक्स सर्रास वापरायचे. २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने स्पर्धांमध्ये त्यावर बंदी घातली, कारण ती रसायनं मातीत आणि पाण्यात वर्षानुवर्षं टिकतात. साध्या पॅराफिन वॅक्सवर माझं काही अडलेलं नाही. रानात माझा बोर्ड चपळ आहे: सात मीटरची त्रिज्या झाडांमधल्या आखूड वळणांना बरी पडते.

एका परीक्षेबद्दल कुठल्याच चाचणीत लिहिलेलं नसतं, ती म्हणजे ठाण्याचा पावसाळा. बोर्डाच्या कडा पोलादाच्या असतात, आणि इथे जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल येते. बर्फात जेवढा गंज वर्षभरात धरणार नाही तेवढा इथे महिन्याभरात धरतो. म्हणून एप्रिलमध्ये बाइंडिंग काढून ठेवायची, तळ पुसून दोन दिवस पंख्याखाली कोरडा करायचा आणि मग जुन्या, बिनवाफेच्या इस्त्रीने वॅक्सचा जाड थर द्यायचा. थर कडांवरूनही ओघळू द्यायचा आणि खरवडायचा नाही. तो थरच कडांचा रेनकोट. बोर्ड माळ्यावर टाकू नये. मे महिन्यात स्लॅबखाली तापमान फार चढतं आणि थर जोडणाऱ्या इपॉक्सीला ते सोसत नाही. पलंगाखाली आडवा ठेवावा, बॅगेत सिलिकाच्या पुड्या टाकाव्यात, आणि बॅगेची चेन पूर्ण लावू नये म्हणजे आत दमटपणा कोंडत नाही. नोव्हेंबरमध्ये वॅक्स खरवडताना एसी लावून खोली गार करून घ्यावी, नाहीतर ते मऊ राहतं आणि सोलण्याऐवजी फासलं जातं.

माझ्या बोर्डाच्या कडा या परीक्षेतून स्वच्छ निघाल्या. मागच्या खेपेला मात्र टेलच्या टोकाला, जिथे पोलादी पट्टी संपते तिथे, वरचा थर नखभर सुटलेला सापडला. अशी फट छोटी असतानाच भरावी लागते. बर्फात तिच्यात पाणी शिरतं, गोठताना फुगतं, आणि रोज थोडी थोडी रुंद होत जाते. मी ती सुईने साफ केली, टूथपिकने इपॉक्सी आत ढकलला, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा कागद लावून सुताराच्या क्लॅम्पमध्ये रात्रभर दाबून ठेवला. ते धरलंय. आता वॅक्स खरवडायला घेण्याआधी मी बोर्ड उलटा करते आणि दोन्ही टोकं अंगठ्याने दाबून बघते.